जोरी कोण?

१९ मार्च
ग्रामपं.तून बोर्डाचा मजकूर आला. सरपंच म्हणाले, "मास्तरीणबाय, शुद्धलेखन तेवढं बघून द्या." निवृत्त झाले तरी ह्या गावाचं लाल पेन मीच. 'सार्वजनीक' दुरुस्त केलं, सही ठोकली. 'जोरीभाट सार्वजनिक उद्यान'. वीस वर्षं आमच्या घरामागे कचरा पडला, त्यावर आता माती, गवत, बाक, चालायची वाट. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आराखडा पुण्याच्या केतकी मॅडमचा. चांगली पोर आहे, झाडंसुद्धा इथलीच लावते.

२ एप्रिल
बांयच्या पाण्याला वास. ह्यांना सांगितलं तर म्हणे, पाला कुजला असेल. पाला! कचऱ्याशेजारी राहूनसुद्धा आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात कधी नासलं नाही. आता बाग झाली आणि बाल्दीत तेलकट तवंग.

४ एप्रिल
कामावरचा इंजिनियर येऊन बांयत डोकावला. नाकाला रुमाल. "गेल्या पावसाचं पाणी मुरतंय, बाई." शेवटचा पाऊस कधी पडला ते ह्याने मला सांगावं! शेजारणीकडून कळशी कळशी पाणी मागून भात शिजवते आहे. ह्या वयात. नुसती चीड चीड.

७ एप्रिल
सकाळी पोदेराकडून पाव घेत होते, तर वासू गांवकर आला. उद्घाटनाचं गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, तोच घालणार. गाऱ्हाण्यात जागेचं नाव घ्यावंच लागतं, नाहीतर राखणदार देवाला कळणार कसं कुठल्या जागेबद्दल बोलताहेत. जनेलाच्या गजाला धरून विचारतो, "बाय, ही जोरी कोण?"
"कसली जोरी?"
"बोर्डार बरयलां न्हय? जोरीभाट. आमच्या गांवांत जोरी नांवाचें कोणूच नासलें. तें झरीभाट. थंय झर आसली."
पाव हातात तसाच.
लग्न होऊन पार्सेहून आले तेव्हा पहिली धुणी मी त्याच झरीवर धुतली. बारा महिने वाहायची. मग वर कचरा पडला, आणि तेव्हापासून आम्ही सगळे 'कचऱ्याकडे' म्हणतो. नाव कोणी घेतलंच नाही. आणि मी, शहाणी, मेली ती वेलांटी बघत बसले! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

तीच तारीख, दुपारी
पंचायतीत जुना नकाशा काढायला लावला. रोमी अक्षरं, पोर्तुगीज वेळचं स्पेलिंग. झेड, ओ, आर, आय, आणि त्यात 'ओ' म्हणजे 'अ'. आमच्याकडे वाचलं तर झरी, पुण्यात वाचलं तर जोरी. केतकीला फोन. आधी म्हणाली, "सॉरी काकू, बोर्ड बदलून देते." मग हळूच, "काकू, म्हणजे खाली झरा आहे?"
आहे की! इतकी वर्षं कचऱ्याखालून वाट काढून व्हाळाला मिळायचा. त्या बाजूने तुम्ही भिंत घातली. पाणी जाईल कुठे? उताराला आमची बांय.

१० एप्रिल
केतकी स्वतः आली. म्हणते, झर कचऱ्याला शिवायच्या आधीच वर नळीत धरायची, बाहेर काढायची, तोवर बाग उघडायची नाही. पोरीने चूक कबूल केली, तेवढी एकटीच. कंत्राटदार मोबाइलमध्ये. सरपंच म्हणाले, "पाहुण्यांची तारीख ठरलीय, नंतर बघूया. आणि बाय, एका अक्षराक इतकें कित्याक?"
"अक्षर नव्हे, पाणी आहे ते!" वर्गात ओरडायचे तशी ओरडले. सरपंच माझाच विद्यार्थी. मान खाली घातली, पण हो म्हणाला नाही.

१४ एप्रिल
पेंटर आला. 'जो' खरवडला, 'झ' काढला. तासाभरात काम फत्ते. भिंत जिथल्या तिथे. झालं यांचं निवारण!

१६ एप्रिल
उद्घाटन उद्या. सरपंचांचा निरोप: गाऱ्हाण्यासाठी तांब्याची कळशी मास्तरीणबायने आणावी, जवळच्या बांयचं पाणी घालायची रीत आहे. आणि वर मखलाशी, "पाणी मात्र टँकरचं भरा हां."
रीत हवी, बांय नको! निर्लज्ज मेले.
कळशी चिंचेने घासून ठेवली. हे बघत होते. "वांयट दिसतलें गो. पाहुणे आहेत."
"दिसूदे."
मग हेच उठले, दोर बांयकडे नेऊन ठेवला.
संध्याकाळी मी वासू गांवकराकडे जाऊन आले. विचारलं, गाऱ्हाण्यानंतर कळशीतलं तीर्थ पहिलं कोणाच्या हातावर?
म्हणाला, "पाहुण्यांच्या."