पापा नाही, राक्षस

प्रिय शालनमावशी,

तुझ्या चित्रांच्या पुस्तकावर आम्ही इथे दोहा शहरात फिल्म करतोय. त्यातल्या घाबरलेल्या मुलीला माझी अनुष्का आवाज देतेय, हे तुला कळवलंच होतं.

आज रेकॉर्डिंगला तिचं वाक्य होतं, "आई, राक्षस आला." अनुष्का माइकसमोर उभी राहिली आणि कुजबुजली, "आई, पापा आले. हळू बोल."

डायरेक्टर हसला. "पापा नाही बेटा, राक्षस."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा "पापा"च म्हणाली.

मावशी, मला वाटायचं, बेडरूमचं दार लावलं की तिला काही ऐकू जात नाही.

आम्ही घरी गेलोच नाही. अल मुंतझाला माझी मैत्रीण रिफत राहते, तिच्याकडे आलोय. अवधूतचे फोन थांबत नाहीत. माझा व्हिसा त्याच्या नोकरीवर आहे. रिफत म्हणते, "तो आला तर मी बघते. तुम्ही आत बसा."

हे पत्र तुला पाठवणार नाही. तू घाबरून पहिला फोन तुझ्या लाडक्या जावयालाच करशील.

आत्ता अनुष्काने विचारलं, "आर वी गोइंग होम?"

मी म्हटलं, "नाही."

सकाळपासून उपाशी असलेली पोर लगेच रिफतकडे जेवायला मागू लागली.

तुझी, अजून घाबरलेली,
नुपूर