आक्काआत्यानं पुजलेले दगड

राजारामपुरी, कोल्हापूर
२६ नोव्हेंबर २०२४

चि. वर्षाराणी,

आबाचे आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. थंडीनं आईचा गुडघा कुरकुरतोय. शिरोळची तुझी आक्काआत्या दिवाळीला आली ती अजून इथंच आहे.

काल तुझा फोन आल्यापासून माझं डोकंच चालेना. जमिनीखालून काढलेल्या त्या काळ्या दगडांत वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त खनिज तेलाचा अंश निघाला, म्हणजे तिथं गॅसही भरपूर असणार, आणि तुझ्या सहीचा पहिला अहवाल शुक्रवारी जाणार! आई पेढे वाटून आली. माझा पेढा ताटलीत तसाच आहे.

एक विचारू? तो दगड फार घट्ट, त्यातून काही आत-बाहेर जात नाही, असं तूच सांगितलं होतंस ना? मग वरून लावलेलं तेल त्यात मुरेल का? आपल्या वाटणाच्या पाट्यात मुरतं. तुझ्या दगडाचं मला कळत नाही.

आता सांगतोच. दिवाळीत प्रयोगशाळेकडे जाताना तू दोन दिवस घरी उतरलीस, खोकं पलंगाखाली ठेवून मैत्रिणीकडे गेलीस. आक्कानं ते उघडलं. गोल, गुळगुळीत, काळे दगड बघून म्हणाली, "द्येवाला असं खोक्यात कोंडत्यात व्हय रं हंबीरा?" मी बाजारातून येईपर्यंत तीन दगड तेलानं न्हाऊन, फुलं घेऊन पाटावर बसलेले. तेवढ्यात जिन्यात तुझा आवाज. मी टॉवेलनं खसाखसा पुसले आणि पिशव्यांत घातले. तुझा चेहरा उतरू नये म्हणून. छे, भिऊनच.

आज आक्काला म्हटलं, असा घोटाळा झालाय. तर म्हणते, "मग पावला की द्येव! रडतोस कशाला?" आता हिच्यापुढं काय डोकं फोडायचं!

दगड मुळातच चांगला असेल. किंवा सगळं आक्काचंच तेल असेल. मला खरंच उमगत नाही पोरी. पण तुझ्या सहीवर तिकडं कुणाच्या तरी रानात गॅससाठी विहिरी खोदतील, एवढं समजतं.

फोनवर तुझं हसणं ऐकलं की सांगायचं राहूनच जातं, म्हणून हे कुरिअरनं धाडतोय. सोबत आक्कानं दगडांना लावलेल्या, आपल्या स्वयंपाकघरातल्या शेंगतेलाची छोटी बाटली आहे. सही करण्याआधी दगडाबरोबर तीही तपास. दोन्हींत एकच तेल निघालं, तर मला हवं तेवढं बोल. आक्काला बोलू नकोस. त्या दगडांपुढं हात जोडून तिनं तुझंच भलं मागितलं होतं.

तुझ्या फोनची वाट बघणारा आणि त्यालाच भ्यालेला,
आबा