उंच दे, रुंद नको

प्रिय जिपार,

हे पत्र केंगेशच्या दूधगाडीतून येतंय. त्याच्याजवळ तोंडी निरोप दिला असता तर कुरणावर पोचेपर्यंत त्याला शेपूट फुटलं असतं. फोन लागायचा तर तुला टेकडीवर चढावं लागतं, आणि ओल्या बाळंतिणीनं टेकड्या चढू नयेत. शिवाय फोनवर मी कसा आहे ते तू जाणतेस. अवघड काही आलं की एक विनोद सोडतो, समोरचं माणूस हसतं, तेवढ्यात मी सटकतो. कागदावर सटकता येत नाही म्हणून कागद घेतला.

आई बरी आहे. तिनं बाळासाठी लोकरीच्या दोन टोप्या विणल्या. दोन्ही माझ्या डोक्याला बसतात. मी तसं म्हटलं तर म्हणाली, “मापाबद्दल तुम्ही तोंड उघडू नका.” तेव्हा तिला काहीच ठाऊक नव्हतं, सहज बोलली होती. पण मला जेवण गेलं नाही.

तू टेकडीवरून फोन केलास तेव्हा रडत नव्हतीस, म्हणून मी जास्त घाबरलो. “बाबा, शनिवारी या आणि मला नि बाळाला घेऊन जा. ज्या माणसाला सुनेपेक्षा टायर प्यारे, त्याच्या तंबूत मी यापुढे चहा ओतणार नाही.” मग बाकीचं सांगितलंस. कळा वेळेआधी सुरू झाल्या. जीप पुलाच्या अलीकडे उभी. ती पूल ओलांडून तंबूच्या दाराशी आणायची सोडून सासऱ्यांनी तुला घोड्यावरून दरी उतरायला लावली, सासूबाई लगाम धरून चालत होत्या. पूल मोडकळीला आलाय म्हणे. आणि केंगेशची गाडी रोज सकाळी दुधाचे कॅन घेऊन त्याच पुलावरून जाते! तू खाली पोचलीस तर सासरे जीपजवळ, कमरेपर्यंत ओले, आणि नवी चाकं लख्ख. “मी घोड्यावर ओरडत होते, आणि तिकडे चाकं धुणं चाललं होतं,” असं म्हणालीस. बाळ तिथंच झालं, नदीकाठी, जीपच्या मागच्या बाकावर.

मी “येतो” म्हणालो. नुसतं म्हणालो नाही, दुसऱ्या दिवशी तुझ्या खोलीला चुना काढून घेतला. चुलीजवळची जागा पाळण्यासाठी मोकळी केली. शिट्टी वाजवत करत होतो हे सगळं. जावई तालाय परदेशात बांधकामावर आहे, तोवर पोरगी आणि नातू आपल्याकडे राहिले तर कुणाचं काय बिघडतं, असं आईलाही पटवलं.

आता वसंतातली मेजवानी आठव. तुझ्या सासरचे पहिल्यांदा आपल्या घरी आले होते. व्याह्यांना कियीत, मानाचा आहेर, चढवायचं तर लोक झगा देतात, टोपी देतात. मी म्हटलं, झगा कुणीही देईल, हा सागिन काय देतो ते अख्ख्या नारिन शहरानं बघावं. रस्त्याकडेला पंप घेऊन बसलेल्या माणसाचं आज तीन दारांचं टायरचं दुकान आहे, ते दिसायला नको? पाहुण्यांच्या ताटातलं मटण संपायच्या आत एसेनाली व्याह्यांची जीप मी दुकानात नेऊन जॅकवर चढवली. ते हात पुसत मागोमाग आले. मी म्हटलं, “व्याही, तुमच्या गाडीला नवे बूट घालतोय. कुठले हवेत, बोला.” त्यांनी दुकानभर नजर फिरवली आणि हळूच म्हणाले, “उंच दे, रुंद नको.”

चारच शब्द. आणि बरोबर शब्द. वाळूत, भुसभुशीत बर्फात रुंद चाक तरंगतं. चिखलात आणि नदीच्या गोट्यांवर उंच, अरुंद चाक खाली घुसून टणक जमीन शोधतं. हे मी गिऱ्हाइकाला झोपेतसुद्धा सांगतो. त्या दिवशी गिऱ्हाईक मला सांगत होतं, आणि दारात बिश्केकचे पाहुणे उभे होते. मी म्हटलं, “अहो, ही जीप आहे का शिवणयंत्र? असल्या चाकांनी काय झबली शिवायची आहेत?” सगळे हसले. मग मी तेहेतीस इंची काढले, साडेबारा इंच रुंद, वर बाहेरच्या बाजूला चार बोटं पुढे येणाऱ्या रिम. गाडी बेडकासारखी फाकून उभी राहिली. मला ती पैलवानासारखी दिसली. व्याह्यांनी विचारलं, “जुनी चाकं बरोबर नेऊ का?” मी म्हटलं, “ती म्हातारी बकरी इथंच राहू द्या, मी कापतो.” पुन्हा हशा. व्याह्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली आणि त्याच चाकांवर घरी गेले. दुसरं काय करणार होते? कियीत अंगावर चढलं की ते काढून परत देत नाहीत. दिलं तर देणाऱ्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं.

मंगळवारी केंगेश पंक्चर घेऊन दुकानात आला. मी मागं कॉम्प्रेसरजवळ बसलो होतो, त्याला दिसलो नाही. माझे कान कसले आहेत तुला माहीत आहे, हवा गळते ती मी आवाजावरून शोधतो. केंगेश आमच्या उलान मिस्त्रीला सांगत होता, “तुझ्या शेठनं म्हाताऱ्याच्या गाडीला हत्तीचे पाय लावलेत रे! पहिल्याच दिवशी पुलाशी उभा होता, चाबकाच्या दांड्यानं मोजत. एकदा गाडी मोजायचा, एकदा पूल. मी म्हटलं, अक्साकाल, वडीलधारे ना तुम्ही, काय, पुलाला विजार शिवताय?”

तुझ्या लक्षात आलं असेल तो पूल कसा आहे. सलग फळ्या नाहीत. डाव्या चाकांसाठी दोन ओंडके, उजव्या चाकांसाठी दोन, मधे नुसती नदी. व्याह्यांच्या वडिलांनी जुन्या अरुंद जीपच्या मापानं बांधलाय. केंगेशची गाडी त्यावर बरोबर बसते. माझी चाकं दोन्हीकडे ओंडक्यांच्या बाहेर लोंबतात.

उलान म्हणाला, “मग सांगायचं ना आमच्या शेठला. बदलून दिली असती.” केंगेश म्हणाला, “मीही तेच म्हटलं. तर म्हातारा काय म्हणतो, ‘झगा अंगाला सैल झाला म्हणून देणाऱ्याच्या दारात उभं राहायचं का? लोकांना सांगू, पूल मोडकळीला आलाय. पुलाला कुठं लाज असते!’ आणि मला शपथ घातली.” म्हणजे केंगेशनं शपथ बरेच दिवस पाळली म्हणायची.

मी गाडी काढली आणि तडक पुलाशी गेलो. वर आलो नाही, तुझ्याशी काय बोलू? ओंडके पाहिले. डावीकडच्या बाहेरच्या ओंडक्याची साल लांबलचक सोलली गेलीय, आत पांढरं ओलं लाकूड, आणि त्यावर माझ्या टायरची काळी नक्षी. पलीकडच्या मेंढपाळानं बाकीचं सांगितलं. तुझ्या कळा सुरू झाल्यावर सासूबाईंना तुझ्याजवळ ठेवून व्याही घोडा फेकत खाली आले होते, जीप वर न्यायला. केंगेश तोवर दूध घेऊन शहरात पोचलेला. व्याह्यांनी एकट्यानं पुलावर जीप घातली. निम्म्यात चाक घसरलं, गाडी तिरकी झाली, पुढचं चाक नदीत लोंबलं. मेंढपाळ म्हणतो, तो ओरडला, “अक्साकाल, उडी मारा!” पण ते आत बसून राहिले, कारण गाडी गेली तर सून कशातून न्यायची? मग मेंढपाळाच्या पोराकरवी त्यांनी वर निरोप धाडला, सुनेला घोड्यावरून खाली आणा, आणि दोर लावून दोन घोड्यांनी गाडी मागं ओढली. व्याही पाण्यात उभे राहून खालून खांदा देत होते. चाकं धुतली ती नदीनं, जिपार. व्याही गाडी सावरत होते.

हे तुला ते सांगणार नाहीत. तू सून, त्यांचं नाव तोंडातून काढत नाहीस, त्यांच्याकडे नजर वर करून बोलत नाहीस. तू विचारलं नाहीस, त्यांनी सांगितलं नाही. त्या दोन अबोल्यांच्या मधे माझी चाकं आरामात बसली होती. तू त्यांना भित्रा म्हणालीस, कंजूष म्हणालीस, ते त्यांनी तुझ्या पाठमोऱ्या बसण्यावरून ओळखलं असेल. तरी तुझ्या बापाची शोभा होऊ नये म्हणून ते भित्रे राहिले.

आणि मी? मंगळवारी कळलं, आज शुक्रवार आहे. मधल्या दिवसांत मी गप्प होतो. गप्प राहिलो असतो तर उद्या नातू माझ्या घरी आला असता. ताज्या चुन्याच्या त्या खोलीत काल बसलो होतो आणि मनात हिशेब चालला होता की न बोलताही निभेल. टायर चुकले ते दिमाखापायी. हा हिशेब मात्र मी शुद्धीत करत होतो. तो लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं.

उद्या मी येतो, पण तुला न्यायला नाही. व्याह्यांची जुनी चाकं कापली नव्हती. उलाननं त्यांवर पाण्याची टाकी ठेवली होती. टाकी उतरवली, चाकांना नवे टायर चढवले, उंच आणि अरुंद. पुलाच्या अलीकडे, सगळे बघत असताना, माझं कियीत मी माझ्या हातानं उतरवणार आहे. आपल्यात असं कुणी केल्याचं ऐकलं नाही. लोक हसतील, हसू देत, लोकांना हसवायची मला सवय आहे. मग जीप पुलावरून तुझ्या दाराशी येईल. त्याआधी, हे पत्र वाचून झालं की, पहिला चहा त्यांना ओत. काही बोलू नकोस, नुसती वाकून वाटी पुढे कर, त्यांना कळेल. आणि दुसरी वाटी माझी समजून रिकामी ठेव. व्याही म्हणाले तरच भर.

तुझाच, मान खाली घालून येणारा,
बाबा