हॉरीचा बिशप

मंगळवार, १० सप्टेंबर

शेजारची डल्सी गेली एकदाची बॅलरॅटच्या इस्पितळात. खुब्याचं ऑपरेशन, मग महिनाभर तिथेच व्यायाम. गाडीच्या खिडकीतून तिसऱ्यांदा बजावलं — "अ‍ॅल्बी, घराचं काही नको बघूस, बिशपला बघ." अगं बाई, याबीच आहे ना ती! गोड्या पाण्यातली दोन नांग्यांची शेवंड! या हातांनी शेततळ्यांतून हजारो काढल्या, उकळल्या, व्हिनेगर टाकून खाल्ल्या. एक सांभाळता येणार नाही?

बोललो नाही अर्थात. बिशप हॉरीचा, तिच्या नवऱ्याचा. शेत विकलं त्या संध्याकाळी हॉरीने आपल्या तळ्यातून ही शेवटची याबी काढली आणि बादलीत घालून गावात आणली. पुढच्या हिवाळ्यात तो गेलाच. आता शेजारी डल्सीच्या बैठकीत काचेची टाकी, टाकीत लपायला मातीची नळी, आणि बिशप — निळसर करडा, डावी नांगी उजवीच्या निम्मी. मारामारीत तुटली, परत उगवली ती तेवढीच. डल्सी रोज संध्याकाळी त्याच्याशी गप्पा मारते. कुंपणापलीकडून ऐकू येतं. दिवसभराचं सगळं सांगते त्याला, हॉरीला सांगायची तसं.

फ्रिजवर चिठ्ठी लावलीय. एक वाटाणा, गाजराची चकती, खाद्याची एक गोळी. झालं!

शुक्रवार, १३ सप्टेंबर

बिशप मजेत. वाटाणा सोलून मागतो की काय, असा बघतो.

सोमवार, १६ सप्टेंबर

मेला. बिशप मेला!

सकाळी गेलो तर टाकीच्या तळाशी आडवा. रंग उडालेला, पाठ उकललेली. पळीने हलवलं, हलेना. बाहेर काढला तर किती हलका! आजारपणात माणसंही अशीच हलकी होतात, असं मनात आलं. वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या लिंबोणीखाली पुरला. टोपी काढली. हसू नये कुणी.

सारखा तोच विचार — मी काय केलं? पाणी? गाजर? साठ वर्षं याबी खाणारा माणूस, सहा दिवस एक जगवू शकलो नाही.

संध्याकाळी डल्सीचा फोन. आवाज अगदी क्षीण. "बिशप कसा आहे रे?"

"मजेत! खातोय नुसता घोड्यासारखा!"

कुठून आलं हे तोंडात? विचार करायच्या आत बोलून बसलो. आणि तिचा आवाज असा उजळला, की मग मागे घेता येईना.

मंगळवार, १७ सप्टेंबर

हॉरीच्या जुन्या तळ्यावर गेलो. नव्या मालकाला सांगितलं, जेवणापुरत्या हव्यात. बायकोच्या जुन्या मोज्यात आमिषाला मेंढीच्या मानेचा तुकडा, सुतळी, काठी. दिवसभर चिखलात उकिडवा. एकेक काढायची, नांग्या बघायच्या, सोडायची. या वयात हे धंदे! डावी नांगी लहान असलेली हवी होती — आकार तोच, रंग तोच. अठ्ठावीस काढल्या. एकोणतिसावी मिळाली. हुबेहूब! आनंदाने ओरडलोच. मग लाज वाटली ओरडल्याची.

बुधवार, १८ सप्टेंबर

नवा बिशप टाकीत सोडला. खुद्द डल्सीनेही ओळखला नसता. छान झोप लागली.

गुरुवार, १९ सप्टेंबर

लिहवत नाही, पण लिहितो.

सकाळी टाकीत मातीच्या नळीशी पांढरट तुकडे तरंगत होते. मऊ. बोटाने दाबले तर दबणारे. एक डावी नांगी, लहान. नवा बिशप नळीच्या तोंडाशी बसून खात होता.

बिशप मेलाच नव्हता. त्याने कात टाकली होती. मी पुरली ती नुसती कात! आणि तो बिचारा मऊ अंगाने नळीत लपून बसला होता, कवच कडक व्हायची वाट बघत. मी नळीत डोकावलोसुद्धा नाही. उलट त्याच्या घरात मारेकरी नेऊन सोडला — एक दिवस चिखलात बसून, निवडून!

मला काय माहीत नव्हतं? लहानपणापासून तळ्यांत मऊ याबी बघितल्यात की. तव्यावर टाकल्यात.

फ्रिजवरची चिठ्ठी उलटून बघितली. मागच्या बाजूला डल्सीचं बारीक अक्षर — "बिशपने कात टाकली तर हात लावू नकोस. तीच खाऊन तो ताकद धरतो. आठवडाभर त्याला एकटं राहू दे."

चिठ्ठी उलटायला किती वेळ लागतो?

शनिवार, २१ सप्टेंबर

डल्सीचा फोन. चार पावलं चालली म्हणे. "बिशपला सांग." सांगतो म्हणालो.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

आली. काठी घेऊन, पण आली. सामान ठेवायच्या आधी टाकीपाशी. मी दारातच उभा. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. म्हणाली, "अंगाने भरलाय रे! अ‍ॅल्बी, तुझे उपकार कसे फेडू!"

फ्रूटकेक दिला. अख्खा. गिळवेना. टाकून देणंही जमेना. रोज एक काप खातोय, औषधासारखा.

शनिवार, १९ ऑक्टोबर

आज क्लबात याबींची वार्षिक शर्यत. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे वसंत. तीस वर्षं पंचाचं टेबल हॉरीचं असायचं. नियम त्याचाच — "माझ्या टेबलावर माद्या नकोत. या दिवसांत त्यांच्या पोटाशी अंडी असतात." प्रत्येक याबी स्वतः उलटी करून बघायचा. मादीच्या मधल्या पायांच्या मुळाशी दोन भोकं, नराच्या शेवटच्या पायांशी दोन टोकं. कधी चुकला नाही. तोच त्याचा मान होता गावात. आता टेबल नेव्ह सांभाळतो.

आणि डल्सी बादली घेऊन आली! "हॉरी नाही तर त्याचा बिशप धावू दे." काहीतरी बोलायला हवं होतं. थंडी आहे, पळणार नाही तो, काहीही!

नेव्हने रिवाजाप्रमाणे उलटा केला. थांबला. पुन्हा बघितलं.

"अगं डल्सी, ही तर बाई आहे!"

सगळं टेबल हसलं. "तीस वर्षं पंच, आणि स्वतःच्या घरात बिशपबाई!" "म्हणजे हॉरीने आजवर किती माद्या पळवल्या असतील, देव जाणे!" डल्सी हसायचा प्रयत्न करत होती. मान लाल झाली होती तिची. बादलीवर झाकण काही लागेना.

मी हसलो. सगळे हसत होते म्हणून मीही हसलो. आवाज काढून.

रविवार, २० ऑक्टोबर

सांगितलं. सगळं. कात, लिंबोणी, मोजा, तळं, नांगी. तिच्या स्वयंपाकघरात उभ्यानेच. बस म्हणाली तरी बसलो नाही.

डल्सीने ओटा पुसायचं थांबवलं. मग एवढंच विचारलं — "म्हणजे हॉरी चुकला नव्हता?"

"नाही. तो नरच होता."

रडेल वाटलं, ओरडेल वाटलं. तसं काही नाही. उलट मान वर झाली. म्हणाली, "बिशपचं जाऊ दे. मला वाईट वाटलंय, ते माझं मी बघते. पण क्लबात हॉरीला हसले ते, अ‍ॅल्बी. शुक्रवारच्या जेवणाला सगळे असतील. तू उभा राहा आणि सांग. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी."

"सांगतो."

"नक्की?"

"शपथ, डल्सी."

निघताना बघितलं, तर ती टाकीत वाटाणा टाकत होती. "हिचा काय दोष," म्हणाली.

किती हलकं वाटतंय! महिन्यानंतर आज पोटभर जेवलो. शुक्रवारी काय बोलायचं तेही लिहून काढलं.

शनिवार, २६ ऑक्टोबर

काल क्लबात गेलो नाही. घसा बसला होता. थोडासा.

सकाळी नेव्ह आला. "काल कुठे होतास? डल्सी किती वेळ दाराकडे बघत होती. मग काठी टेकत उठली आणि म्हणाली, 'हॉरीचं बरोबर होतं. त्याचा बिशप माझ्याच हातून मेला, ऑपरेशनच्या आधी. लाज वाटली म्हणून मीच दुसरी याबी आणून ठेवली.' कुणी हसलं नाही रे. बिचारी. वय झालं तिचं."

मी म्हणालो, "हो ना. वय झालं."