घोडी नेमकी कुठल्या खुणेवर?

वन्सं, आधी ती आली. एकटीच, धापा टाकत, चष्मा कपाळावर. दारातच म्हणाली, "आजी, आमचे हे मागून येतायत. त्यांना घोडीला हात लावू देऊ नका हं, आणि मी आलेय म्हणून सांगू नका." असं म्हणून सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसली. मी चहाचं आधण ठेवते न ठेवते तोच तो आला, खांद्याला हत्यारांची पेटी, आणि पहिला प्रश्न, "आमची मंडळी येऊन गेली का?" आता मी काय सांगणार? येऊन गेली म्हणावं तर गेली नव्हती. आलीच नाही म्हणावं तर माझ्याच पाटावर बसलेली. मी म्हटलं, "चहा घेणार ना?" तर आतून आवाज, "त्यांना बिनसाखरेचा द्या!" झालं.

बघा, सांगायच्या भरात नमस्कार राहूनच गेला. तर वन्सं, धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार (वाकता येतं तेवढं वाकून). तुमच्या गुडघ्याचा रुसवा गेला का? जिना चढायला तो तयार नाही असं मागे लिहिलं होतंत. माझं बरं आहे. सुईचं नाक दिसत नाही, पण सुनेच्या कपाळावरची आठी दिसते. (सून तशी गुणाची आहे. हे पत्र तीच टपालात टाकणार आहे.)

तर ही दोघं नवरा-बायको वाद्यं दुरुस्त करतात. टपाल कचेरीमागच्या गल्लीत एकच दुकान, दोन टेबलं, आणि दोघांची तोंडं दोन भिंतींकडे. तो मापाचा माणूस, ती कानाची. त्यांना बोलावलं ते आमच्या ह्यांच्या व्हायोलिनसाठी. हे गेल्यापासून ते कपाटावर होतं आणि आता नात वाजवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण पोरीची करंगळी! तुमच्या माहेरची करंगळी, वन्सं, थेट तुमच्या भावाची, आखूड आणि आत वळलेली. करंगळीचा सूर आला की तो खाली पडलाच म्हणून समजा. पुढच्या महिन्यात वाद्यवृंदाची निवड आहे, आणि तिचे मास्तर म्हणाले, तोवर हा सूर जागेवर आला नाही तर कारखान्यातलं नवं व्हायोलिन घ्या, नाहीतर निवडीला येऊच नका. मुलगा लगेच नवं घ्यायला तयार. मग ह्यांचं? ते पुन्हा कपाटावर, जुन्या गाद्यांशेजारी. पोर नुसती त्याची पेटी पुसत बसली. पुसलेलीच पेटी पुन्हा पुसत होती. मी मनात म्हटलं, हे काही मी होऊ द्यायची नाही.

आता पुढचं मला कळलं तसं लिहिते, म्हणजे फारसं कळलं नाही तसंच. तार एवढी लांब असते, पण सगळीच्या सगळी गात नाही. वर खुंट्यांजवळ एक बारीक पट्टी, खाली पोटावर घोडी (मी आजवर तिला फणी म्हणत आले, आणि कुणी मला टोकलं नाही), या दोघींच्या मधली तेवढीच तार गाते. घोडीपलीकडची नुसती बांधून ठेवायला. बोटांच्या जागा या गाणाऱ्या तारेवरून ठरतात. तार जरा लांबली की प्रत्येक बोटाची जागा थोडी पुढे जाते, आणि करंगळीची सगळ्यात जास्त. बिचारी सगळ्यांत धाकटी, आणि लांब जायचं तिनेच! शिवाय ही घोडी चिकटवलेली नसते म्हणे. मी समजत होते डिंकाने बसवतात. नाही हो, नुसती तारांच्या दाबाखाली उभी. घरात एखादी सगळ्यांच्या दाबाखाली उभी असते ना, तशी. (हे सुनेला वाचून दाखवणार नाही. तिला वाटेल मी तिच्याबद्दल लिहिलं. मी माझ्याबद्दल लिहिलंय.)

त्याने भिंगातून दाखवलं, रोगणावर घोडीच्या पायांच्या खुणा एका जागी नाहीत, दोन जागी आहेत. पोटावर त्या नागमोडी फटी असतात ना, त्यांना आतल्या बाजूला खाच असते, तिच्या रेषेत एक. ती कारागिराने ठरवलेली जागा, असं तो म्हणतो, आणि तारा घालणाऱ्या दुकानदारानेही हल्ली घोडी तिथेच ठेवली होती. दुसरी खूण मानेच्या बाजूला जरा वर, तांदळाचा दाणा मावेल एवढीच. ती वाजवणाऱ्याची, असं ती म्हणते. कारण म्हणे जुन्या व्हायोलिनांच्या माना मागाहून बदलल्या, आणि ह्याला बसवलेली मान अंमळ लांब झाली, म्हणून कुणीतरी शहाण्याने घोडी वर घेऊन तार आखूड केली. मान, पोट, पाय, सगळं बोलून झालं. डोकं तेवढं माझं फिरलं.

मग मापं घ्यायची ठरली. त्याची मोजपट्टी पेटीत सापडेना. ("शोधू नका, मी काढून ठेवलीय," ती म्हणाली. "तुम्ही पट्टी पाहता आणि कान बंद करता.") म्हणून मी माझी शिवणाची टेप दिली. तो मोजतो, डोकं खाजवतो, पुन्हा मोजतो. टेपेच्या हिशेबाने हे व्हायोलिन लहान पोराचं निघालं! तिने टेप हातात घेऊन पाहिली आणि हसत सुटली. माझी टेप ताणून ताणून लांबलीय, वन्सं. म्हणजे तुम्ही पत्राने माप कळवायचात आणि मी शिवलेलं पोलकं तुम्हाला सैल व्हायचं, ते यामुळे. मला वाटायचं, तुम्हीच जरा ऐसपैस माप कळवता.

शेवटी पोरीलाच वाजवायला लावलं. घोडी खालच्या खुणेवर असताना आवाज असा भरला की समोरची शेजारीण दार उघडून बाहेर आली. पण करंगळी टेकली आणि सूर घसरला. तो म्हणाला, "वा, काय आवाज!" ती म्हणाली, "वा, काय बेसूर!" मग तारा सैल करून तिने घोडी वर सरकवली. करंगळी अचूक जागेवर. पोर वाजवता वाजवता हसायला लागली. पण आवाज नाकातून, पडसं झाल्यासारखा. तो म्हणाला, "हे व्हायोलिन आहे की डास?" ती म्हणाली, "सुरातला डास आहे, तुमच्यासारखा नाही." घोडी वर, घोडी खाली, पुन्हा वर. चहा तीनदा झाला. मला तर मोठी मजा वाटत होती. घरात इतकं कडाकडा भांडण किती दिवसांत झालं नव्हतं!

सरतेशेवटी तो वैतागून ओरडला, "अगं, तू म्हणतेस तिथे घोडी ठेवायची तर पोटातली काडीही वर सरकवावी लागेल!" (पोटात एक उभी काडी असते, घोडीच्या एका पायाच्या जरा मागे. तीही न चिकटवता. आवाज पाठीपर्यंत तीच पोचवते म्हणे.) ती म्हणाली, "मग सरकवा." इतका वेळ भांडून उत्तर एकदम हाताला लागलं, आणि ते दोघांचं मिळून निघालं हे दोघांनाही आवडलं नाही.

पण गडी भित्रा. म्हणतो, म्हातारं वाद्य, काडी हलवताना लाकूड तडकलं तर कायमचं गेलं. घोडी वर असताना पूर्वी आवाज भरदार यायचा असं कुणी जाणत्या कानाने सांगितलं, तर काडीही तेव्हा वरच असणार. मग मी हलवीन, नाहीतर हात लावणार नाही, असं त्याचं. पूर्वीचा आवाज आठवतो का म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, मला कुकरची शिट्टी आणि दाराची घंटा यापलीकडे सूर कळत नाहीत. कान आमच्या वन्संचा. जाताना तिने त्याची पेटी उचलली, त्याने तिची पिशवी घेतली, आणि जिनाभर काडीवरून पुन्हा जुंपली.

बाकी सगळं ठीक. तुमच्या गुडघ्याला माझ्याकडून चार गोड शब्द सांगा.

तुमची भावजय

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. उलट टपाली एवढंच लिहा, की भाऊ घोडी वरच्या खुणेवर ठेवायचा आणि आवाज भरदार यायचा. अक्षर मोठं काढा.

ता. क. आठवत नसेल तरी आठवतं असंच लिहा.

ता. क. खरं सांगू का? पोर आत्ता आतल्या खोलीत वाजवतेय, घोडी वरच्या खुणेवर. वन्सं, आमच्या ह्यांचं व्हायोलिन जन्मभर अस्संच नाकात वाजायचं. मी समजायचे, व्हायोलिन म्हटलं की पडसं असायचंच. दार लोटून ऐकत बसलेय, भाजी करपल्याचा वास येतोय तरी उठवत नाही. काडी हलवली तर हा आवाज जाईल, नाही हलवली तर असल्या नाकातल्या आवाजाला निवडीत कुणी घेणार नाही आणि व्हायोलिनच कपाटावर जाईल. पण आवाज जातो तर जाऊ दे, वाद्य पोरीच्या हातात राहू दे. तेव्हा नाकाचा उल्लेख नको, भरदारच लिहा, आणि लवकर लिहा. ती दोघं पुढच्या गुरुवारी यायचं कबूल करून गेलीत.