एलेमेचा वेगळा कप्पा

मंगळ., ४ मार्च
बोललेलं लिहून देणाऱ्या आमच्या ॲपसाठी नायजेरियाहून ओगोनी भाषांची रेकॉर्डिंग आली. काना, गोकाना, टे एका फांदीवर. एलेमे आणि बान दुसऱ्या. नातं आहे, पण लांबचं. मंदार, आमचा टीम लीड : ‘‘अगं, सगळ्यांना एकच कप्पा कर. सुटं ठेवलंस तर प्रत्येकीचा डेटा थोडा, मशीन शिकणार कशावर?’’ शनिवारी फाइल बंद होणार, मग बदल नाही. कप्पा एक झाला की एलेमे बोलणाऱ्याला फोनवर कानाच लिहून येणार. तपासून बघते म्हटलं.

बुध., ५
सिंगापूरच्या पश्चिम टोकाला, तुआसच्या गोदीत गेले. लेबारी हा नायजेरियन तिथे जहाजदुरुस्तीत आहे, घरची भाषा काना. जेवणाच्या सुट्टीत हेडफोन दिला. एलेमेच्या सगळ्या तुकड्यांचा अर्थ बरोबर सांगितला. अहवालात लिहिलं : काना बोलणाऱ्याला एलेमे कळते, कप्पा एक चालेल. खाली सही. मंदार खूश. ‘‘पुण्याचं नाव काढलंस.’’ मी सोलापूरची.

गुरु., ६
चैन नाही. गोकाना कानाच्या जास्त जवळची, तरी तिथे लेबारीचे दोन तुकडे चुकले होते. मग एलेमेत एकही कसा नाही? त्याला फोन केला. तो हसत सुटला. ‘‘बायको एलेमेची. सासूबाई दुसरं काही बोलतच नाहीत, ला!’’ हा सिंगापुरी ‘ला’ त्याच्याही तोंडी.
फॉर्ममध्ये वय, गाव, शिक्षण. घरात कोण काय बोलतं, हा रकानाच नाही. फॉर्म माझा.
मला कोकणी कळते. आई कारवारची. तरी सुचलं नाही.

शुक्र., ७
मंदारला सांगितलं.
‘‘कोकणी कळतेच की आपल्याला. तसंच हे.’’
‘‘मला कळते. तुला?’’
‘‘गाण्यापुरती.’’ मग आवाज उतरला. ‘‘सही तुझी आहे. आता वर काय सांगू मी?’’
घरी येताना एमआरटी मेट्रोत जागा होती, उभीच आले.

शनि., ८
सकाळी अहवालावरची सही मागे घेतली. एलेमे-बान वेगळे केले. कारण एका ओळीत. मंदारचा मेसेज : फोन कर.
पुंगोलला गोल फिरणाऱ्या छोट्या एलआरटी ट्रेनमध्ये बसले. घराचं स्टेशन दोनदा गेलं. उतरले नाही. आईला फोन लावला.
‘‘तू घरात कोकणी बोलायची कधी थांबलीस?’’
‘‘मी कुठे थांबले? तुम्ही मराठीत उत्तरं द्यायचात.’’
मध्येच मंदारचा कॉल येतोय. फाइल दुपारी बाराला बंद होते. आई अजून बोलतेय, कोकणीत.