मीटरवर आहे तेच लिहिले

आज गुरुवार. बाजारातून आलेले सामान येणेप्रमाणे: रेघांचे फुलस्केप कागद आठ, रु. ४. निळी रिफिल एक, रु. ३. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला, रु. ५०. रजिस्टर पोस्टाची तिकिटे, रु. २२. कोरे पोस्टकार्ड एक, ५० पैसे. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही असे वकील म्हणाले, तेवढे वाचले.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मी, श्रीमती सुमती त्र्यंबक हेर्लेकर, वय वर्षे ६७, शिक्षण जुनी मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, कोणाच्या धाकाने नव्हे, दिवा लावून आणि चष्मा पुसून, स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवते. माझ्यामागे याप्रमाणे व्हावे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर चिरंजीव दत्तप्रसाद याला. त्याने माझी खोली भाड्याने द्यायची तर द्यावी, पण देवघराची भिंत पाडू नये. भाचेजावई गेल्या वर्षी घर बघून "मामी, इथं दोन गाळे निघतील" म्हणाले होते. त्यांना या कामात विचारू नये.

कलम २. चार बांगड्या व मोहनमाळ कन्या अवंतिका हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती भिडस्त नाही.

कलम ३. पोस्टातील बचत खात्यातून रु. ५,००० बाळाबाईला. तिने एकोणीस वर्षे माझी भांडी घासली आणि एकही कप फोडला नाही. उरलेल्यातून दर पौर्णिमेला वाडीला दत्तमहाराजांच्या चरणी नारळ. शिल्लक संपली की नारळ बंद, उसने काढून धर्म करू नये.

कलम ४. शिरोली फाट्याजवळची तीन गुंठ्यांची जागा माझ्या नावावर आहे, माझ्या आईकडून आलेल्या पैशातून घेतलेली. तिथे यजमानांचा जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा होता. ही जागा श्रीमती शालूबाई जोतीराम सोनवणे, राहणार पन्हाळ्याच्या पायथ्याची वाडी, यांना मिळावी. त्या आमच्या नात्यातल्या नाहीत. दत्तप्रसाद याला हरकत घेईल, म्हणून कारण सविस्तर लिहिते.

जुन्या ट्रॅक्टरची किंमत तासांवर ठरते. मोटारीला जसे किलोमीटर तसे ट्रॅक्टरला तास. यजमान म्हणायचे, "तीन हजारापातूर तरणा, सहा हजारावर म्हातारा, नऊ हजाराच्या म्होरं भंगार." येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरचा चेसिस नंबर आणि मीटरवरचे तास मी वहीत लिहीत असे. माझे अक्षर आणि माझे गुरुवार लोकांना माहीत होते. गिऱ्हाईक यायचे ते म्हणायचे, "मीटर ऱ्हाऊ द्या, वैनींची वही दावा." अशा अकरा वह्या आहेत.

१९९७ च्या दिवाळीनंतर एक लाल ट्रॅक्टर आला. मीटरवर १३१२. चेसिस नंबर लिहिताना हाताला ओळखीचा वाटला, म्हणून मागच्या वह्या काढल्या. १९९४ साली हाच ट्रॅक्टर आमच्याकडून गेला होता, तेव्हा मीटरवर ९६४० होते. मीटरला तासांची चारच घरे असतात. पाचवे घर लाल, ते तासाच्या दहाव्या भागाचे. ९९९९ झाले की पुढे सगळी शून्ये. म्हणजे हा १३१२ नव्हता, ११३१२ होता.

मी यजमानांना वही दाखवली. त्यांनी बघितली आणि मिटली.

"मीटर मी फिरवलाय का?"

"नाही."

"मग? त्यो आपल्या आपण फिरलाय. तू आकडा लिही की."

मी आकडा लिहिला. ९६४० ची वही कपाटात तळाशी ठेवली.

आठ दिवसांनी दुपारी चारच्या सुमारास फाटकातून "वैनी!" अशी हाक आली. जोतीराम सोनवणे. एमआयडीसीतल्या फौंड्रीत बावीस वर्षे भट्टीपुढे काढून त्यांनी नोकरीचा हिशेब घेतला होता आणि भाड्याने नांगरट करायची म्हणून ट्रॅक्टर बघत होते. सोबत शालूबाई होत्या. हसरा माणूस. बॉनेटवर निळा झेंडा कुठे लावायचा, ते आधीच ठरवून आलेले.

"वैनी, तुमची वही काय म्हंती?"

मी पान उघडले. मी म्हणाले, "मीटरवर आहे तेच लिहिलंय."

"मग झालं की! वहीत हाय म्हंजे कोर्टात हाय."

मी चहा केला. त्यांच्या समाजाच्या माणसांसाठी आमच्याकडे कप वेगळे ठेवलेले असत, त्या कपांत दिला. शालूबाईंनी दोन्ही कप स्वतः विसळून दगडावर पालथे घातले. हेही लिहून ठेवते.

ट्रॅक्टर नेल्यापासून तेराव्या दिवशी उसाची ट्रॉली घेऊन उतार उतरताना ब्रेक लागला नाही. ट्रॅक्टर उलटला. जोतीराम जागेवर गेले. यजमानांनी तोच ट्रॅक्टर भंगाराच्या भावाने परत उचलला. मी सवयीने वही घेऊन गेले. १३५३. वजाबाकी करायची नव्हती, पण झाली. एक्केचाळीस तास.

दत्तप्रसाद आजही म्हणतो, "आई, मीटरला कुणी हात लावला न्हाई, मग पाप कसलं?" बाळा, मीटरला हात लावला नाही हे खरे आहे.

कलम ५. तो मीटर मी काढून घेतला. माझ्या कपाटात मऊ फडक्यात आहे. काढला तेव्हा लाल घरात ४ होता. त्याला केबल नाही, इंजिन नाही. गेल्या श्रावणात तो ५ होता. आज ७ आहे. चष्मा बदलून पाहिले, अवंतिकेला वाचायला लावले, तीही सात म्हणाली. आधी चार होता हे तिला सांगितले नाही. डॉक्टरांनाही नाही, नाहीतर दाखला मिळाला नसता.

यजमान २००१ मध्ये अंथरुणाला खिळले, तेव्हा सारखे विचारायचे, "कितीवर आलंय?" मी भिंतीवरच्या घड्याळातली वेळ सांगायची. ते मान हलवायचे, "घड्याळ न्हवं गं." शेवटच्या दिवशीही तेच. मी कधी कपाट उघडले नाही.

आता दुपारी चारला इथे घरीही फाटकातून "वैनी!" अशी हाक येते. मागे इंजिन सावकाश चालू असल्यासारखे वाटते. जाऊन बघावे तर कोणी नसते. मी चहा करते आणि माझ्या रोजच्या कपातून फाटकाच्या कट्ट्यावर ठेवते. बाळाबाई म्हणते, "कावळ्याला च्या पाजताय व्हय?" 

कलम ६. अकराही वह्या शालूबाईंकडे जाव्यात, ९६४० ची सर्वांत वर. मीटरही त्यांचाच. त्यावरचे शेवटचे एक्केचाळीस तास त्यांच्या घरचे आहेत. त्यांना कोणापुढे वही ठेवायची असेल तर ठेवावी. माझे किंवा यजमानांचे नाव झाकू नये.

सही: सुमती त्र्यंबक हेर्लेकर

साक्षीदार १: कृष्णात बापू इंगवले, शेजारी. (मजकूर वाचला नाही, सही समोर झाली.)
साक्षीदार २: डॉ. पृथ्वीराज घोरपडे. (यांनीही मजकूर वाचला नाही.)
ठिकाण: कोल्हापूर. ता. ९ डिसेंबर २००४.

प्रत रजिस्टर पोस्टाने: श्रीमती शालूबाई सोनवणे यांस. आपली कन्या संघप्रिया हिने वाचून दाखवावी.

शालूबाई, जोतीराम यजमानांशी व्यवहार बोलत होते, तेव्हा तुम्ही माझ्याजवळ उभ्या होता. तुम्ही हळूच म्हणालात, "वैनी, पेडलं लई झिजल्यात वो." तेराशे तासांत पेडलाचे लोखंड आरशासारखे होत नाही, हे मला तुमच्याआधी माहीत होते. मी म्हणाले, "आधीचा चालवणारा जड पायाचा होता." ते मीटरवर नव्हते, वहीतही नव्हते. ते मी माझ्या तोंडाने बोलले. हे आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

जागा घ्या किंवा नको म्हणा, तुमची मर्जी. पण त्या एक्केचाळीस तासांत जोतीरामांच्या ध्यानात आले होते का? घरी काही बोलले होते का? फाटकातली हाक भरवशाची आहे की जाब विचारणारी, ते मला इतक्या वर्षांत ओळखता आलेले नाही. माझा पत्ता घातलेले कार्ड सोबत आहे. तेवढे उलट टपाली कळवावे.